चाक उचलण्याआधी बारा तास, नंतर सहा

या घटनाक्रमातला मुलगा मी उभा केलेला आहे. पंचवटीतल्या कोणत्याही एका घराकडे त्याचा रोख नाही, आणि घड्याळातल्या वेळाही मीच मांडल्या आहेत. रस्ते मात्र खरे आहेत. कायद्याची कलमं, गाडीचं यंत्र आणि कवटीच्या आत रक्त साचू लागल्यावर तासातासाला जे होत जातं, तेही खरं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९.

व्हीली म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी मागच्या एका चाकावर चालवणं. हा प्रकारच वाईट, असं मला म्हणायचं नाही. ते कसब आहे, त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो आणि जगभर लोक ते रीतसर शिकतात. पण ते चोरून शिकता येत नाही. पुढच्या अठरा तासांत दर टप्प्यावर कोणीतरी काहीतरी लपवतं आणि दर वेळी वाचण्याची एक वाट बंद होते. माझं सगळं म्हणणं तेवढ्यावर आहे.

शनिवार, संध्याकाळी ६. आपत्तीला १८ तास

निमाणी बसस्थानकाजवळची चहाची टपरी. क्लास सुटलेली पोरं, पाठीवर सॅक. मावसभाऊ गाडी घेऊन येतो आणि घोळक्यातलं बोलणं थांबतं. ३९० सीसी वर्गातली स्पोर्ट्स बाईक, साधारण ४३ अश्वशक्तीची. वडिलांची दुकानावर नेण्याची १०० सीसीची गाडी ८ अश्वशक्तीची असते. दोन्हींच्या वजनात दुपटीचाही फरक नाही, ताकदीत मात्र पाचपट आहे. म्हणून एकीवर चाक उचलायला धडपडावं लागतं आणि दुसरीवर ते न उचलण्यासाठी हात सांभाळावा लागतो.

मुलगा बारावीला आहे. अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी आहेत.

"दादा, उद्या सकाळी एक चक्कर देशील?"

"लायसन कुठंय तुझं?"

"रविवारी पहाटे कोण अडवतंय, भो! तासाभरात आणून देतो."

"खरचटली तर बघ हां."

दादा एवढंच बोलतो. कशासाठी हवी, हे विचारत नाही, कारण त्याला ते माहीत आहे. त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ ऐकलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम सांगतं की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. गाडी देणाऱ्या प्रत्येक दादाला, काकाला, मामाला हे कलम तोंडपाठ हवं.

मावशीला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरतं.

रात्री ९. आपत्तीला १५ तास

जेवण झालं आहे. दार लोटून तो मोबाईलवर व्हिडिओ बघतो आहे. प्रत्येक व्हिडिओ पंधरा-वीस सेकंदांचा. चाक उचलतं, गाणं वाजतं, चाक खाली येतं. त्याआधीची सरावाची वर्षं त्यात नसतात.

स्टंट करणाऱ्या कसबी माणसाची गाडी जवळून बघितली की ती दुकानातून आणलेली गाडी राहिलेलीच नाही, हे लक्षात येतं. मागचं स्प्रॉकेट मूळच्यापेक्षा कितीतरी मोठं बसवलेलं असतं. त्यामुळे गाडी कमी वेगातच उचलते आणि उचललेली राहते. इंजिनभोवती लोखंडी पिंजरा असतो. शेपटीशी एक आडवा दांडा असतो. गाडी मागे कलंडायला लागली की तो जमिनीला घासतो आणि तिला अडवतो. डाव्या हाताशी क्लचच्या जोडीला आणखी एक लिव्हर असते, ती मागच्या ब्रेकची. मनगटाला एक दोरी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक इंजिन बंद करणाऱ्या स्विचला. माणूस सुटला की इंजिन बंद. मोबाईलच्या उभ्या चौकटीत यातलं काही नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी ते कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर अजिबात दिसत नाही. ती म्हणजे उजवा पाय. चाक हवेत असताना पुढचा ब्रेक निकामी असतो. हँडल वळवून उपयोग नसतो, कारण पुढचं चाक कशालाच टेकलेलं नसतं. गाडी मागे जाऊ लागली की तिचं नाक खाली आणणारी भरवशाची एकच गोष्ट उरते, मागचा ब्रेक. तो हलका दाबला की पुढचं चाक उतरतं. म्हणून जाणता शिक्षक पहिल्या दिवशी चाक उचलायला शिकवतच नाही. तो पाय ब्रेकवर ठेवायला शिकवतो. चाक वीतभर उचललं की ब्रेक, पुन्हा वीतभर उचललं की ब्रेक, हे पायाच्या अंगवळणी पडेपर्यंत. ते कंटाळवाणं असतं. त्याचं रील होत नाही.

ताकदीच्या गाडीचा हट्ट का, हेही मला पोरांना विचारावंसं वाटतं. ५ मे १९९१ रोजी जपानमधल्या त्सुकुबा इथे यासुयुकी कुदो याने मागच्या चाकावर सलग ३३१ किलोमीटर गाडी चालवली. नाशिकहून मुंबईला जाऊन परत यायचं, आणि पुढचं चाक एकदाही टेकवायचं नाही. गाडी होती होंडाची टीएलएम २२० आर, ट्रायल प्रकारातली, हलकी आणि कमी ताकदीची. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेच्या डग डोमोकोसने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर १४५ मैल असेच काढले होते. दोघांनीही हे बंद मार्गावर केलं, समोरून कोणी येणार नाही अशा ठिकाणी. त्यात ताकदीपेक्षा तोल आणि ब्रेकवरचा पाय यांचाच भाग मोठा होता.

आपल्याकडे हे वेड नवं नाही. २००१ मध्ये पल्सर आली, २००४ मध्ये 'धूम' आला, आणि गावोगावच्या कॉलेजांबाहेर पोरांनी चाकं उचलायला सुरुवात केली. तेव्हा बघणारे चारच मित्र असत. आता कितीही असू शकतात.

आपल्या मुलाच्या स्क्रीनवर अपघाताचा व्हिडिओही येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नई-बंगळुरू महामार्गावर, कांचीपुरमजवळ, टीटीएफ वासन या तमिळ यूट्यूबरने हायाबुसाचं पुढचं चाक उचललं. १३४० सीसीची, अडीचशे किलोंहून जड गाडी. ताबा सुटला, गाडी उलटीपालटी होत रस्त्याकडेला गेली. अंगावर पूर्ण सेफ्टी गिअर होतं म्हणून हात मोडण्यावर निभावलं. पुढे अटक झाली, परवाना दहा वर्षांसाठी निलंबित झाला, आणि जामिनाच्या सुनावणीत मद्रास उच्च न्यायालयाने चॅनल बंद करा, गाडी जाळून टाका, असं सुनावलं. लाखो लोक पाठीशी असलेला, वर्षानुवर्षं गाडी चालवणारा माणूस भर रस्त्यावर सावरू शकला नाही. मुलगा ते बघतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचा अपघात स्वतःचा वाटत नाही.

रात्री ११:३०. आपत्तीला साडेबारा तास

"गजर कशाला लावतोयस एवढ्या पहाटेचा?"

"गोदाघाटावर जाणार आहोत आई, सगळा ग्रुप. मग मिसळ खाऊन येतो."

"कोणाच्या गाडीवर?"

"स्कूटरवर गं."

आई दिवा मालवते. पंचवटीत पहाटे रामकुंडावर जाणं ही कोणालाही संशय येण्यासारखी गोष्ट नाही.

रविवार, पहाटे ४:५०. आपत्तीला ७ तास १० मिनिटं

पेट्रोल पंप. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' ही मोहीम सुरू केली होती, आणि पंपावर हेल्मेट नसेल तर मागे फिरावं लागे. त्याची आठवण म्हणून असो की सवय म्हणून, स्कूटरवर सोबत आलेला मित्र तिच्या हुकाला अडकवलेलं हेल्मेट काढून मुलाच्या हातात देतो. पेट्रोल भरून झालं की ते पुन्हा हुकाला जातं. हेल्मेट घातलं तर व्हिडिओत चेहरा येत नाही.

दादाच्या गाडीच्या नंबरप्लेटवर पट्टी चिकटवलेली आहे. ही कल्पना कोणाची, ते कोणालाच सांगता येणार नाही.

पहाटे ५:२५. आपत्तीला ६ तास ३५ मिनिटं

तपोवन. कपिला आणि गोदावरीचा संगम इथला. सिंहस्थात साधुग्राम वसतं ते इथेच, आणि एरवी बारा वर्षांतली बरीचशी वर्षं ही जागा मोकळी असते. २०१५ चा सिंहस्थ झाला, आता २०२६-२७ चा येतो आहे आणि त्यासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत. रुंद, गुळगुळीत, सरळ रस्ता पंचवटीच्या पोरांना पहाटे इथे मिळतो. इथून पुढे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर मिरची हॉटेलचा चौक आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे तिथे ट्रकशी धडक होऊन खासगी बस पेटली आणि बारा माणसं गेली. त्या दिवशी सकाळी नाशिककरांनी जे पाहिलं ते विसरण्यासारखं नाही. रस्ता रिकामा दिसतो म्हणून सुरक्षित असतो असं नाही, हे या शहराला कोणी नव्याने सांगायला नको.

पहिल्या काही खेपा वाया जातात. गाडी नुसतीच उसळी घेऊन पुढे पळते. मित्र मोबाईल धरून ओरडतो, "ट्रॅक्शन कंट्रोल बंद कर ना भो, ते चाक उचलू देत नाहीये." काल रात्रीच्या व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं. बटण दाबून तो ते बंद करतो. कंपनीने जी गोष्ट नवख्याच्या हाताला आवर घालण्यासाठी दिली होती, तीही आता नाही.

ट्रॅकसूट घातलेले एक काका फिरायला निघाले आहेत. ते थांबून म्हणतात, "बाळांनो, इथे हे करू नका." दोघं "हो काका" म्हणतात, ते पुढे जाईपर्यंत इंजिन बंद ठेवतात आणि मग पुन्हा सुरू करतात.

आता चाक वीतभर उचलतं. मग हातभर. दोन्ही वेळा ते आपोआप खाली येतं, कारण रेस कमी पडलेली असते. पायाला काहीच करावं लागलेलं नसतं. शिकण्यातला सगळ्यात घातक क्षण मला हाच वाटतो. आपल्याला चाक उतरवता येतं, असं त्याला वाटू लागतं. वास्तविक ते त्याने उतरवलेलं नाही.

सकाळी ६:०५. आपत्तीला ५ तास ५५ मिनिटं

झुंजूमुंजू झालं आहे. पहिला गिअर, वेग तिसाच्या आसपास. तो क्लच किंचित दाबतो, रेस वाढवतो, क्लच सोडतो. आधी घाबरून अर्धवट सुटणारी बोटं या खेपेला एकदम सुटतात.

पुढचं चाक वर येतं. समोरचा रस्ता दिसेनासा होतो, कारण डोळ्यांसमोर आता टाकी आणि फेअरिंग आहे. धक्क्याने धड मागे जातं. हात ताणले जातात, आणि हाताबरोबर उजवं मनगट खाली ओढलं जातं. मनगट खाली गेलं म्हणजे ॲक्सिलरेटर आणखी उघडला. पडू नये म्हणून तो हँडल गच्च धरतो, आणि गच्च धरल्यामुळेच गाडी आणखी रेस घेते. गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची आणि हातांवर लोंबकळायचं नाही, हे शिक्षक पहिल्या तासात सांगतो. इथे शिक्षक नाही.

गाडी तोलाच्या बिंदूपाशी येते. त्या बिंदूच्या अलीकडे गुरुत्वाकर्षण चाकाला खाली ओढत असतं, पलीकडे गेल्यावर तेच गाडीला पाठीवर पाडतं. तिथे ब्रेक हवा. अनपेक्षित काही घडल्यावर माणसाचा पाय हलायला साधारण पाऊण ते एक सेकंद लागतो, आणि ४३ अश्वशक्तीची गाडी तेवढा वेळ देत नाही. जाणत्याचा पाय आधीपासून ब्रेकवर असतो म्हणून त्याला तो सेकंद लागत नाही. या मुलाची टाच फूटपेगवर आहे आणि बोटं हवेत.

मागचा दिवा रस्त्याला घासतो. हँडल सुटतं. तो आधी बसल्यासारखा पडतो, मग पाठीवर, मग उजव्या कुशीवर वळताना कानाच्या वरची बाजू डांबरावर आपटते. गाडी बाजूला घसरत जाऊन थांबते आणि इंजिन तसंच ओरडत राहतं. मित्राने व्हिडिओ बंद केलेला नाही.

तो काही क्षण पडून राहतो, हाक मारल्यावर बोलत नाही. मग डोळे उघडतो.

सकाळी ६:१०. आपत्तीला ५ तास ५० मिनिटं

"काही नाही झालं, भो. गाडी बघ गाडी."

गाडीकडेच आधी बघितलं जातं. क्लचची लिव्हर तुटली आहे, आरसा गेला आहे, सायलेन्सर घासला आहे, मागचा भाग वाकला आहे. "दादा मारेल." खर्च किती येईल, पैसे कोणाकडून उसने घ्यायचे, घरी काय सांगायचं. कुत्रं आडवं आलं आणि गाडी घसरली, असं ठरतं. फिरून परतणारे काका धावत येतात. "डोक्याला लागलंय याच्या, दवाखान्यात चला, मी येतो सोबत." मित्र म्हणतो, "नको काका, बरा आहे तो." पोलीस केस होईल या भीतीने दोघांचे चेहरे पांढरे पडले आहेत. ती भीती खोटी नाही. धोकादायक चालवण्याबद्दल कलम १८४ आहे, आणि वर ते १९९अ. पण जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४अ ने संरक्षण दिलं आहे. त्या काकांवर नाव सांगण्याचीही सक्ती कोणी करू शकत नाही.

या पाच मिनिटांत १०८ ला फोन गेला असता तर आपत्तीला इथेच खीळ बसली असती. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा आहे. त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने दोन्हीकडे अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. मूल शुद्धीवर आहे, बोलतं आहे, वेळ हाताशी आहे.

फोन जातो तो गॅरेजवाल्या मित्राला.

सकाळी ७:३०. आपत्तीला साडेचार तास

मिसळ समोर आली आहे, तो खात नाही. डोकं ठणकतंय म्हणतो. मित्र मेडिकलमधून गोळी आणून देतो.

कवटीच्या आत काय चाललं आहे, ते इथे सांगायला हवं. कानाच्या वर-पुढे, कानशिलापाशी, कवटीचं हाड पातळ असतं, आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. मग कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. बाहेर जखम किरकोळ, कधी नुसतं टेंगूळ. आत मात्र दाब वाढत असतो, आणि हाडाच्या पेटीत मेंदूला सरकायला जागा नसते. अशा काही रुग्णांमध्ये एक फसवा काळ येतो: माणूस पडतो, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठतो, चालतो, बोलतो, घरी जातो. तो बरा दिसतो, आणि बरा दिसतो म्हणूनच दगावतो. मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या एका सोप्या उतारावर स्कीइंग शिकताना पडली. हेल्मेट नव्हतं. आपल्याला काही झालेलं नाही म्हणत तिने वैद्यकीय मदत नाकारली, आलेली रुग्णवाहिका परत गेली. मग डोकं दुखू लागलं. दोन दिवसांनी ती वारली. शवविच्छेदनात हाच रक्तस्राव निघाला.

यात उपचार नाही असं नव्हे. सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव दिसतो. शुद्ध हरपण्याआधी शस्त्रक्रिया करून साचलेलं रक्त काढलं, तर रुग्ण बहुधा पुरता बरा होतो. डोक्याच्या गंभीर दुखापतींमध्ये इतकी आशा असलेल्या दुखापती थोड्याच असतात. अट एकच: कोणीतरी खरं सांगून त्याला वेळेत आणलं पाहिजे.

सकाळी ९. आपत्तीला ३ तास

घरी येतो. आई स्वयंपाकघरात आहे.

"झालं का फिरून? चेहरा का असा?"

"झोप नाही झाली. पडतो जरा."

केसांतली माती त्याने नळावर धुतली आहे. आई दार लोटून घेते आणि धाकट्याला सांगते, दादाला झोपू दे.

सकाळी १०:३०. आपत्तीला दीड तास

त्याला उलटी होते. बाहेरचं खाल्लं, पित्त झालं, असं घरात ठरतं. आई लिंबूपाणी देते. ती चुकते आहे असं मी म्हणणार नाही. तिला जे सांगितलं गेलं आहे, त्यात लिंबूपाणीच बसतं. पडलो, डोकं आपटलं, एवढे तीन शब्द तिला कळले असते तर तिने रिक्षा बोलावली असती. ते तीन शब्द माहीत असलेली दोन पोरं याच वेळी गॅरेजमध्ये लिव्हरची किंमत विचारत बसली आहेत.

सकाळी ११:३५. आपत्तीला २५ मिनिटं

स्कूटरवाल्या मित्राने व्हिडिओ पुन्हा बघितला आहे. डोकं आपटतानाचा भाग. तो फोन लावतो, उचलला जात नाही. पुन्हा लावतो. मग घरच्या नंबरवर लावायचं धाडस त्याला होत नाही म्हणून तो मेसेज करतो, "बरा आहेस ना?" मेसेज पोचतो. कोणी वाचत नाही.

दुपारी १२

जेवायला उठवायला आई जाते. तो घोरतो आहे, खोल, विचित्र. हलवलं तरी जागा होत नाही. ती पापणी उचलते. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली आहे, दुसऱ्याची नाही.

वर मोजत आलो ती आपत्ती ही. चाक हवेत गेलं तेव्हा अपघात झाला. त्यानंतरचे सहा तास वाचण्याचे होते, आणि ते एका खोट्या कुत्र्याच्या गोष्टीखाली गेले. यानंतर तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेलही. पण शुद्धीवर असताना पोचणं आणि बाहुली मोठी झाल्यावर पोचणं यांत फार मोठा फरक आहे. या टप्प्यानंतर जगलेली मुलंही पुष्कळदा पहिल्यासारखी उभी राहत नाहीत.

आता काय करायचं, ते मला नावानिशी सांगायचं आहे. महापालिका, परिवहन कार्यालय आणि शहरातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थांनी मिळून पोरांसाठी एक बंद जागा ठरवावी, जिथे अठरा पूर्ण झालेल्याला जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली, लहान गाडीवर, पूर्ण गिअर घालून ब्रेकपासून शिकता येईल. राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या या नाशिकच्या मातीत झाल्या आहेत. हे शहराला जमणार नाही असं मला वाटत नाही. दादा लोकांनी अल्पवयीनाच्या हातात किल्ली देऊ नये, मग तो कितीही लाडका असो. आईवडिलांनी आजच संध्याकाळी मुलांना एक शब्द द्यावा: पडलास तर खरं सांग, त्या दिवशी घरात कोणी ओरडणार नाही. ओरडायचं असेल ते पुढच्या महिन्यात.

आणि पोरांनो, मित्र पडला तर गाडी तिथेच सोडा. पहिला फोन १०८ ला, दुसरा त्याच्या घरी. क्षणभर का होईना शुद्ध गेली असेल, डोकं वाढत्या जोराने दुखत असेल, उलटी झाली असेल, तो पेंगत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर त्याला झोपायला पाठवू नका. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना कसा पडला ते जसंच्या तसं सांगा. व्हिडिओ असेल तर तोही दाखवा.